रिकाम्या हाताने परतताना

(मोहर्ली येथे झालेल्या हितचिंतकांच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



सकाळी चंद्रपूरहून येताना बसमध्ये तुमच्यापैकी बहुतेकांचे डोळे खिडकीबाहेर लागले होते. वाघ काही दिसला नाही. उतरताना एक वडीलधारे भाऊ मला म्हणाले, “मोहर्लीला येऊन वाघ दिसला नाही, म्हणजे फेरी फुकटच की!” मी हसलो. पण आज मला ज्याविषयी बोलायचे आहे, तो विषय त्यांनी आयताच माझ्या हाती दिला, म्हणून त्यांचे आभार मानतो.

मला बोलायचे आहे धनुष्याविषयी. आपल्या वसतिगृहातली अकरा मुले तिरंदाजी शिकतात हे तुम्हाला ठाऊक आहे. गेल्या दोन वर्षांत तुमच्यापैकी अनेकांनी त्यांच्यासाठी बाण दिले, गवताच्या गाद्यांसाठी पैसे दिले. तुमची पत्रेही येतात, आणि बहुतेक पत्रांत एक प्रश्न असतोच : पदक मिळाले का? प्रश्न प्रेमाचा आहे. पण त्याचे उत्तर दोन ओळींच्या पावतीत लिहिता येत नाही, म्हणून आज समोरासमोर सांगतो.

आधी थोडे मागे जाऊ. या भागातल्या गोंड माणसाला धनुष्य नवीन नाही. गोंडी भाषेत त्याला ‘विल’ म्हणतात. आपल्याकडे मराठीत तीरकमठा. पावसाळ्यापूर्वी गावाने मिळून करायची पारध, शेताच्या राखणीला बसलेल्या माणसाचा कमठा, पोरांनी तितरामागे धावणे, हे सगळे इथल्या म्हाताऱ्यांच्या आठवणीत आहे. ताडोबाच्या परिसरात शिकारीला बंदी आली ती 1935 साली. 1955 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, 1986 मध्ये अंधारी अभयारण्य झाले, आणि 1995 मध्ये दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प. मध्ये 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि उद्यानाबाहेरही शिकार हा गुन्हा ठरला. ते योग्यच झाले, असे मी मानतो. पण एका माणसाच्या हयातीत त्याच्या हातातले कसब गुन्हा ठरावे, हे सोपे नसते, एवढे आपण ध्यानात ठेवावे.

आपल्या एका मुलाचे आजोबा आहेत. सगळे त्यांना आबाजी म्हणतात. लहानपणी ते बापाबरोबर रानात जात. मी त्यांना एकदा विचारले, “आबाजी, दर खेपेला काही मिळायचं का?” ते माझ्याकडे असे पाहू लागले, जणू मी विचारले की दर ढगाला पाऊस असतो का. म्हणाले, “सर, दहा दिवस गेलो त नऊ दिवस रिकामे. दहाव्या दिवशी ससा. तोही बापाले भेटे, मले नाही.”

मग नऊ दिवस करायचे काय? हे त्यांनी जे सांगितले ते मी वहीत लिहून ठेवले आहे. निघण्यापूर्वी मुठीतली माती सोडून वारा कुठला ते पाहायचे. वारा उलटा असेल तर त्या पाणवठ्यावर जायचेच नाही, दुसऱ्या वाटेने जायचे. जाताना माग वाचायचा : काल रात्री कोण आले, किती होते, पिल्लू बरोबर होते का. बसायची जागा ऊन कलायच्या आत धरायची. मग हलायचे नाही. मोहाची फुले पडायच्या दिवसांत कुठल्या झाडाखाली काय येते, हे डोक्यात साठवायचे. परत आल्यावर बाणाची पिसे तपासायची, बांबूच्या सालीची दोरी सैल झाली असेल तर बदलायची. आणि एकटे कधी जायचे नाही. “एकट्याचं मन लवकर घरी जाते,” असे ते म्हणाले.

आणि एक गोष्ट त्यांनी अशी सांगितली, जी मला त्या वेळी नीट कळली नाही : भूक लागलेली असताना बाण सोडायचा नाही. भुकेल्याला सगळेच जनावर जवळ दिसते.

आता आपल्या मुलाकडे येतो. त्याचे नाव मी सांगणार नाही, तो मागे कुठेतरी चहाचे कप मांडतो आहे आणि लाजेल. तेरा वर्षांचा असताना त्याने धनुष्य हाती घेतले. तिरंदाजीत ‘इंडियन राउंड’ म्हणून प्रकार आहे, त्यात धनुष्य बांबूचे किंवा लाकडाचे असते, आणि अंतरे तीस व पन्नास मीटरची. आपली मुले यातूनच सुरुवात करतात, कारण ऑलिंपिकचे धनुष्य आपल्या ऐपतीबाहेरचे आहे. (एक गंमत सांगतो. यात दोरी तीन बोटांनी ओढतात, अंगठ्याचे काम नाही. मुलांना हे पहिल्यांदा कळले तेव्हा एकाने विचारले, “मग एकलव्याचं काय गेलं?” मला उत्तर देता आले नाही.)

हंगाम लांब असतो. जून-जुलैत सुरुवात, पावसाने मैदान भरते, गाद्या भिजतात, हात शेवाळलेल्या दगडावर घसरतात. मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य, थंडी पडेपर्यंत चालते. बहुतेक मुलांचा हंगाम जिल्ह्यालाच संपतो. या मुलाचा पहिल्या वर्षी तिथेच संपला. दुसऱ्या वर्षी तो विभागाला गेला आणि मागे राहिला. तिसऱ्या वर्षी विभागात दोन गुणांनी निवड हुकली.

त्यानंतर मी एक चूक केली. मी त्याला बसवून भाषण दिले, आजच्यासारखेच. लिंबाराम यांची गोष्ट सांगितली : उदयपूर जिल्ह्यातल्या आदिवासी खेड्यातला मुलगा, बांबूच्या धनुष्याने पाखरे मारणारा, 1987 मध्ये क्रीडा प्राधिकरणाच्या निवडीत सापडतो, पुढच्याच वर्षी सोलच्या ऑलिंपिकला जातो, 1992 मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत 360 पैकी 358 गुण घेऊन सुवर्णपदक जिंकतो. आपल्या नागपूरच्या ओजस देवतळेचे सांगितले : ऑगस्ट 2023 मध्ये बर्लिनला जागतिक विजेता, अंतिम सामन्यात 150 पैकी 150. त्याच दिवशी साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी जागतिक विजेती. गोष्टी खऱ्याच आहेत. भिंतीवर त्यांची चित्रेही लावली. मला वाटले, पोराला हुरूप येईल.

पोराला काय वाटले, ते मला चार महिन्यांनी कळले. त्याला वाटले, सर सांगताहेत की जिंकणारे असे असतात, आणि तू तसा नाहीस.

तो सरावाला येईनासा झाला. आधी खांदा दुखतो म्हणाला. मग मैदानावर आला तरी त्याचा बाण थरथरू लागला. टारगेटचा पिवळा गोल दिसला की दोरी ओढून पूर्ण होण्याआधीच बोटे सुटायची. तिरंदाजांना होणारा हा जुना विकार आहे. नेम चुकण्याची भीती इतकी वाढते की हात मनाचे ऐकत नाहीत. फेब्रुवारीत वसतिगृह सोडून तो आईबरोबर तेलंगणात मिरची तोडायला गेला. आपल्या भागातली किती कुटुंबे त्या कामाला जातात हे तुम्ही जाणता. त्या मातीतून परत आलेल्या मुलांपैकी काही पुन्हा शाळेत बसत नाहीत, हेही जाणता. त्या महिन्यांत मला झोप लागत नव्हती. बाण, गाद्या, पावत्या, सगळे समोर दिसायचे. खरे सांगतो, मला मुलाची जितकी काळजी होती तितकीच तुम्हाला काय लिहावे याचीही होती.

तो एप्रिलमध्ये परतला, तो आबाजींमुळे. त्यांनी निरोप धाडला होता की मोह वेचायला माणूस कमी आहे. मोहाच्या दिवसांत पहाटे एकट्याने रानात जायचे धाडस आता इथे कोणी करीत नाही, वाघाने माणसे नेल्याचे आपण सारे वाचतो. म्हणून आजा आणि नातू बरोबर जाऊ लागले, आणि संध्याकाळी गावाच्या तलावाच्या पाळीवर नुसते बसू लागले. हातात ना धनुष्य, ना काठी. आबाजी विचारायचे : वारा कुठला? ती पाखरे का उठली? त्या काठावर काल चिखल होता, आज त्यात काय उमटले आहे? रात्री घरी जाताना म्हणायचे, “आज काही भेटलं नाही. उद्या येऊ.” काही मिळवायचे नव्हतेच, तरी रोज तेच वाक्य. मुलगा मला म्हणाला, “सर, आठव्या-नवव्या दिवशी मले हसू आलं. आबाजी साठ वर्षांपासून रिकाम्या हातानं घरी येत आहे, अन् त्याले काहीच वाटत नाही!”

जूनमध्ये तो मैदानावर आला. आमच्या प्रशिक्षकांनी या वेळी माझे भाषण होऊ दिले नाही. त्यांनी गादीवरचा टारगेटचा कागदच काढून टाकला. पाच पावलांवर उभे राहायचे, समोर नुसते गवत, डोळे मिटायचे, दोरी पूर्ण ओढायची, थांबायचे, सोडायची. गुण नाहीत, गोल नाही. असे जवळजवळ सहा आठवडे. बाणही कमी केले. पूर्वी थकेपर्यंत मारायचे, आता ठरलेले साठ, आणि शेवटचे दहा वाईट जायला लागले की थांबायचे. भुकेल्याने बाण सोडू नये म्हणजे काय, ते मला तेव्हा कळले. मुलांच्या जोड्या लावल्या. एक मारतो, दुसरा मागे उभा राहून फक्त त्याचा खांदा पाहतो. वहीत गुण लिहिणे बंद केले. त्याऐवजी लिहायचे : आज वारा कुठून होता, कुठला बाण हातातून चांगला सुटला आणि का. रविवारी धनुष्याला हात लावायचा नाही. हा नियम मी घातला, त्यावर प्रशिक्षक कुरकुरले, पण तो टिकला आहे.

मी धर्मशिक्षण घेत असताना दुसऱ्या राजांच्या पुस्तकातल्या तेराव्या अध्यायावर एक निबंध लिहायचा होता. अलीशा मरणाच्या दारात आहे. इस्राएलचा राजा योवाश रडत येतो. अलीशा त्याला धनुष्य घ्यायला सांगतो, त्याच्या हातांवर स्वतःचे हात ठेवतो, पूर्वेची खिडकी उघडवून बाण सोडवतो. मग उरलेले बाण जमिनीवर आपटायला सांगतो. राजा तीनदा आपटतो आणि थांबतो. संदेष्टा रागावतो : पाच-सहा वेळा तरी मारायला हवे होतेस. मला तेव्हा ते अन्यायाचे वाटले होते. किती वेळा मारायचे, हे राजाला कोणी सांगितलेच नव्हते! आजही थोडे तसे वाटते. पण आता त्या प्रसंगातले दुसरेच काही डोळ्यांपुढे येते : थरथरत्या हातांवर ठेवलेले त्या म्हाताऱ्याचे हात. आबाजींना पाळीवर बसलेले पाहिल्यापासून मी तो अध्याय त्यांना वगळून वाचू शकत नाही.

आणि आता तुमच्या प्रश्नाचे उत्तर. पदक मिळाले का? नाही. या वर्षी तो जिल्ह्यातून पुढे गेला, विभागात पुन्हा निवड झाली नाही, आणि या वेळी दोन नव्हे, नऊ गुणांनी. पन्नास मीटरला वाऱ्याने त्याचे चार बाण बाहेर नेले. नागपूरहून आम्ही रात्री अकराला परत पोचलो. गाडीत तो झोपला होता. मी मात्र जागा होतो, आणि पुन्हा त्याच भीतीने : आता हा परत मिरचीला जाणार.

पहाटे सहाला मी मैदानाकडे गेलो तर तो तिथे होता. कागद काढलेल्या गादीपुढे, पाच पावलांवर, डोळे मिटून. त्याच्या मागे सातवीतला एक छोटा पोरगा उभा होता आणि त्याचा खांदा पाहत होता. मी काही बोललो नाही. त्याने वही माझ्याकडे दिली. आदल्या दिवशीच्या पानावर त्याने गाडीतच कधीतरी लिहिले होते : वारा डावीकडून, मधूनमधून थांबणारा. थांबेपर्यंत मी वाट पाहिली नाही. खाली, आजोबांच्या भाषेत : उद्या येऊ.

ते वडीलधारे भाऊ कुठे बसले आहेत? भाऊ, दुपारच्या जेवणानंतर मैदानावर या. अकरा मुले आहेत, त्यांतल्या तिघांना या वर्षी जिल्ह्यालाही जाता आले नाही. त्यांना गुण विचारू नका. वारा कुठला ते विचारा, ते नीट सांगतील. पाच वाजता सराव बंद होतो, कारण अंधार पडला की मैदानाच्या पलीकडे बिबट्या येतो, तेव्हा त्याआधीच या. आबाजीही येणार आहेत. त्यांना ‘जय सेवा’ म्हणा, त्यांना बरे वाटेल.

चहा तयार झाला आहे असे मागून खुणावताहेत. मी थांबतो.