मेंदूत अडकणारी साखर



ऑगस्ट १९७६. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर ब्रुकहेवन नावाची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. तिथून एक छोटं विमान फिलाडेल्फियाकडे निघालं. त्यातला महत्त्वाचा माल म्हणजे शिशाच्या आवरणात जपून ठेवलेला थोडासा द्राव. घाई अशासाठी, की दर ११० मिनिटांनी त्याची किरणोत्सारिता निम्मी होत होती. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या रुग्णालयात तो द्राव दोन निरोगी स्वयंसेवकांना टोचला गेला आणि जिवंत माणसाचा मेंदू कुठे किती साखर ओढून घेतो, याची चित्रं उमटली.

त्या द्रावात होती किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर. तिचं पूर्ण नाव फ्लुओरोडीऑक्सीग्लुकोज. इतकं लांब नाव कोण घेणार? दवाखान्यात सगळे ‘एफडीजी’च म्हणतात. ‘पेट स्कॅन’ हा शब्द आज आपल्याकडे बहुतेकांच्या कानावरून गेलेला असतो, पण ज्या रेणूमुळे त्या यंत्राला काही दिसतं, तो कोणी घडवला, हे सहसा कोणी विचारत नाही. मला हे थोडं अन्यायाचं वाटतं. रेणू नसेल तर ते कोट्यवधींचं यंत्र आंधळंच. म्हणून आज बोलायचं आहे ते हा रेणू घडवणाऱ्या मंडळींबद्दल, आणि त्यातल्या जोआना फाउलर या बाईंबद्दल जरा जास्त.

फाउलर सेंद्रिय रसायनशास्त्रातल्या. जन्म १९४२चा, मायामीचा. कोलोरॅडो विद्यापीठातून डॉक्टरेट करून त्या १९६९ साली ब्रुकहेवनला आल्या. तिथे आल्फ्रेड वुल्फ हे रसायनशास्त्रज्ञ अल्पायुषी किरणोत्सारी अणूंवर काम करत होते. कार्बनचा एक प्रकार वीस मिनिटांत निम्मा होतो, नायट्रोजनचा दहा मिनिटांत, तर ऑक्सिजनचा दोनच मिनिटांत. एरवी रसायनशास्त्रज्ञ संध्याकाळी फ्लास्कमध्ये मिश्रण उकळत ठेवून घरी जातो आणि सकाळी येऊन काय तयार झालं ते बघतो. इथे ती चैन नाही. असे अणू घडवणाऱ्या सायक्लोट्रॉन यंत्रातून अणू हाती आला की घड्याळ सुरू. रेणू बांधायचा, शुद्ध करायचा, तपासायचा आणि सुईत भरायचा. हे सगळं शिशाच्या भिंतीआड, शक्य तितकं हात दूर ठेवून.

आता मुळातला प्रश्न. मेंदू म्हणजे शरीराच्या वजनाचा जेमतेम दोन टक्के, पण शरीराला लागणारी वीसेक टक्के ऊर्जा तोच फस्त करतो, आणि त्याचं रोजचं अन्न म्हणजे ग्लुकोज. तेव्हा ग्लुकोज कुठे जातं ते कळलं, तर मेंदूचा कोणता भाग कामात आहे तेही कळेल. पण साधं ग्लुकोज घेऊन भागत नाही. पेशीत शिरलं की त्याचे झपाट्याने तुकडे होतात, तुकडे इकडेतिकडे पांगतात आणि माग हरवतो.

यावर अमेरिकेतल्या लुई सोकोलॉफ यांनी एक नामी उपाय वापरला. ग्लुकोजच्या दुसऱ्या कार्बनवरचा ऑक्सिजन काढून टाकला, की जी साखर उरते ती पेशीला खरीच वाटते. पेशी तिला आत घेते. पहिलं विकर, म्हणजे एन्झाइम, तिला फॉस्फेट चिकटवतं. पण पुढच्या विकराला हवा तो ऑक्सिजन जागेवर नसतो, त्यामुळे पुढची पायरी होत नाही, आणि फॉस्फेट चिकटल्यामुळे सहजी बाहेरही पडता येत नाही. चक्रव्यूहातला अभिमन्यूच! जिथे शिरली तिथेच अडकली. जिथे जास्त अडकली, तिथे मेंदू जास्त कामात. सोकोलॉफ यांनी तिला कार्बन-१४ची खूण लावली आणि उंदरांच्या मेंदूचे पातळ काप फिल्मवर ठेवून नकाशे काढले. माणसाच्या बाबतीत काप करणं अर्थातच शक्य नव्हतं, आणि कार्बन-१४चे किरण इतके दुबळे, की ते कवटीबाहेर पोचतच नाहीत.

१९७३च्या अखेरीस पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या मार्टिन रायविच, डेव्हिड कूल आणि अबास अलावी यांच्यात यावर बोलणी झाली. कवटी भेदून बाहेर येतील असे किरण देणारा अणू या साखरेला जोडता येईल का? ब्रुकहेवनच्या वुल्फ यांनी फ्लोरिन-१८ सुचवला. आकाराने लहान, म्हणजे साखरेचं सोंग बिघडत नाही, आणि अर्धायुष्य ११० मिनिटांचं, म्हणजे विमानप्रवासापुरतं.

सुचवणं सोपं होतं. फ्लोरिन वायू हा अतिशय जहाल, जवळजवळ कशाशीही झोंबणारा. जपानहून आलेले तात्सुओ इडो, फाउलर, वुल्फ आणि त्यांचे सहकारी यांनी निऑन वायूवर ड्युटेरॉन कणांचा मारा करून हा फ्लोरिन मिळवला आणि साखरेच्या एका नाजूक साधित रूपावर तो बसवला. या सगळ्याला सुमारे दोन तास लागत. म्हणजे प्रयोगशाळेतच निम्मा माल हवेत! वर उत्पन्नही तुटपुंजं. १९८६ साली जर्मनीतल्या युलिशच्या शास्त्रज्ञांनी वेगळी पद्धत काढली, उत्पन्न कित्येक पटींनी वाढलं, आणि तेव्हापासून एफडीजी खऱ्या अर्थाने जगभर पसरलं.

पुढे लक्षात आलं, की कर्करोगाच्या गाठीही साखरेच्या भारी भुकेल्या असतात. आणि झालं काय, मेंदूसाठी घडवलेला रेणू मुख्यतः कर्करोगाच्याच कामाला लागला. आपल्याकडे मुंबईत परळला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये, २००२ साली देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन सुरू झाला. फ्लोरिनचं घड्याळ काही बदलत नाही. म्हणून स्कॅनला बोलावतात तेव्हा वेळेचा इतका आग्रह धरतात. मात्र रेडिएशनच्या भीतीने झोप उडवून घेऊ नये. अठरा-एकोणीस तासांत त्यातला हजारावा भाग उरतो.

पण मला विचाराल, तर फाउलर यांचं सर्वांत सुरेख काम एफडीजीचं नव्हे. त्या कामात अनेकांचे हात होते. त्यांची खास बुद्धी दिसते ती पुढच्या एका प्रकरणात.

मेंदूत डोपामिन नावाचं रसायन असतं. हालचाल आणि उत्साह यांच्याशी त्याचा संबंध. त्याचा निचरा करणारं एक विकर आहे, त्याला ‘माओ-बी’ म्हणतात. पार्किन्सनच्या रुग्णांना देतात ते डेप्रेनिल हे औषध या विकराला कायमचं चिकटतं. फाउलर यांनी डेप्रेनिलला किरणोत्सारी कार्बनची खूण लावली, आणि १९८७ साली माणसाच्या मेंदूतलं हे विकर दाखवलं. पण अडचण निघाली. औषध इतक्या वेगाने चिकटे, की विकर भरपूर असलेल्या जागी चित्रातून विकराचं प्रमाण कळेना, रक्त किती पोचतं तेवढंच कळे. मग काय करायचं? वेग कमी करायचा. चिकटताना रेणूतला जिथला बंध तुटतो, नेमक्या त्या जागचे दोन हायड्रोजन काढून त्यांनी जड हायड्रोजन, म्हणजे ड्युटेरियम, बसवला. ड्युटेरियमचा बंध तुटायला अवघड, म्हणून चिकटण्याची क्रिया मंदावली आणि चित्र बोलू लागलं. वाढला तो दोन अणूंत एकेक न्यूट्रॉन, बाकी काही नाही. रसायनशास्त्राचं पुस्तकातलं एक तत्त्व जिवंत माणसाच्या मेंदूत असं कामाला लावणं, याला माझ्या लेखी यंत्र बांधण्याइतकाच मान आहे.

हाच रेणू घेऊन त्यांनी सिगारेट ओढणाऱ्यांचे मेंदू पाहिले. १९९६ साली ‘नेचर’मध्ये निष्कर्ष आला: धूम्रपान करणाऱ्यांच्या मेंदूत माओ-बी सुमारे ४० टक्क्यांनी कमी. आणि हे निकोटिनचं काम नव्हे, धुरातल्या दुसऱ्याच कशाचं तरी. म्हणजे तंबाखूचं व्यसन म्हणजे फक्त निकोटिन, हे सरळ समीकरण डळमळलं. डोपामिनचा निचराही मंदावत असेल, तर ओढ दुहेरी होणार. धूम्रपान करणाऱ्यांत पार्किन्सन कमी आढळतो, या जुन्या कोड्याचाही एक धागा इथे सापडतो. पण हे ऐकून कोणी विडी पेटवू नये. त्या धुराने जे बाकीचं होतं, त्याचं मोजमाप परळच्या टाटा रुग्णालयात रोज होतं.

फाउलर यांना २००८ सालचं अमेरिकेचं राष्ट्रीय विज्ञानपदक मिळालं. आणि जाता जाता, धूम्रपानाच्या त्या १९९६च्या अभ्यासात त्यांनी सिगारेट सोडलेली माणसंही तपासली होती. त्यांच्या मेंदूतलं माओ-बी कधीच न ओढणाऱ्यांच्या पातळीला होतं.