कचेरीची पंगत



या व्यासपीठावर संतवाङ्मय, इतिहास अशा थोर विषयांवर विद्वान बोलतात. माझे शाळेतले शिक्षण बेताचेच. जे वाचले ते संघटनेचे काम करता करता. म्हणून विषयही आवाक्यातला घेतला आहे. सणासुदीला कचेरीत किंवा कारखान्यात सर्वांनी मिळून जेवावयाचे, तर ते कसे ठरवावे? विषय ऐकून कोणी हसेल. पण माझे म्हणणे असे की, संस्थेत कोणाला काय किंमत आहे हे पगारपत्रकापेक्षा पंगतीत लवकर कळते.

आधी सुटीचाच विचार करू. ती आपल्याला कोणी सहज दिलेली नाही. मुंबईच्या गिरण्यांत पूर्वी कामगाराला आठवड्याची हक्काची सुटी नव्हती. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या, हजारोंच्या सह्यांचा अर्ज केला आणि रविवारची सुटी मागितली. ती मिळावयास 10 जून 1890 उजाडावा लागला. जेजुरीच्या खंडोबाचा हा वार आज साऱ्यांच्या विश्रांतीचा झाला आहे, त्यामागे सहा वर्षांची चिकाटी आहे. असा झगडून मिळविलेला दिवस साजरा करताना एखादा सोबती बाहेर राहिला, तर ती सुटी कुणाची?

आता आपल्या अंथुर्ण्याच्या शिवाराकडे पाहा. एका अंगाला वालचंदनगर, दुसऱ्या अंगाला भवानीनगर. आपले पंचांग उसावर चालते. दसऱ्याला हत्यारांची व यंत्रांची पूजा, मग बॉयलर पेटतो, आणि ऐन थंडीत गाळप जोरात असते. पट्टा पडला की सत्यनारायण आणि जेवण. त्या जेवणाची यादी कोण करतो? बहुधा कचेरीतला कारकून, हजेरीपट पुढे घेऊन. त्यात कायम नोकर येतात. हंगामी कामगार निम्मे येतात. ठेकेदाराचा झाडूवाला, रात्रीचा पहारेकरी, आणि बीडकडून कोयता घेऊन आलेले नवराबायको हे हजेरीपटावर नसतात, म्हणून पत्रावळीवरही नसतात. ज्यांच्या हातांनी ऊस तुटला ते खोपीत चूल फुंकत बसतात आणि शंभर पावलांवर बुंदी वाढली जाते. यात कोणी दुष्ट असतो असे नाही. यादी चुकीच्या टोकाकडून सुरू झालेली असते, एवढेच.

म्हणून माझी पहिली सूचना: यादी खालून करा. सर्वांत कमी मजुरीचा माणूस पहिला लिहा, साहेबाचे नाव शेवटी आले तरी ते राहणार नाही. कोयतेवाले गावी परतण्यापूर्वीचा दिवस धरा. ते गेल्यावर आमंत्रण काय कामाचे? पाळ्या तीन असतील तर पंगतीही तीन करा. रात्रपाळीच्या माणसाला सकाळी थंड झालेले उरलेसुरले देणे याला मेजवानी म्हणत नाहीत.

दुसरी गोष्ट वर्गणीची. एका कचेरीत मी असे पाहिले की, शिपायापासून मुख्याधिकाऱ्यापर्यंत सर्वांना सारखीच वर्गणी लावली आणि तिला 'समता' म्हटले. त्या शिपायाची एका दिवसाची मजुरी गेली. साहेबाच्या खिशाला त्याचा पत्ताही नव्हता. शिवाय दिवसभर पाण्याचे तांबे फिरविले ते त्याच शिपायाने. वर्गणी पगाराच्या प्रमाणात असावी, ती खुशीची असावी, आणि कोणी किती दिले हे फळ्यावर लिहू नये. फळ्यावर लिहावयाचा तो खर्च. तांदूळ किती, तेल किती, मंडपाचे भाडे किती, हे आठ दिवसांत सर्वांसमोर यावे.

तिसरी गोष्ट वाढपाची. त्या दिवशी अधिकाऱ्यांनी वाढावे आणि रोज वाढणाऱ्यांनी बसावे. बायकांना स्वयंपाकघरात गुंतवून पुरुषांनी भाषणे करू नयेत. आचारी लावावा, त्यालाही मजुरी द्यावी. जेवण असे असावे की कोणाच्या धर्माला वा व्रताला बाध येणार नाही. पूजेस ज्याला बसावयाचे त्याने बसावे. पंगत मात्र सर्वांची. म्हणूनच मला 1 मेचा दिवस आवडतो. तो जगभरच्या कामगारांचा दिवस आहे, आणि 1960 पासून आपल्या महाराष्ट्राचाही. त्या दिवशी कोणी पाहुणा नसतो, सारेच यजमान.

शेवटी एक सावधगिरीचा इशारा. मालक मेजवानी देतो तेव्हा आनंदाने जेवावे, पण जेवण आणि हक्क यांची खाती वेगळी ठेवावी. बोनस ही धन्याची मर्जी नव्हे. 1965 च्या कायद्याने तो हक्क ठरला. 1953 साली मुंबई राज्यात कामगार कल्याण निधीचा कायदा झाला, त्या निधीत कामगारांकडून वसूल केलेला दंड आणि त्यांना न पोचलेला पगारही जमा करावयाचा होता. म्हणजे करमणुकीची जी केंद्रे उभी राहिली त्यांत आपल्याच घामाचा वाटा होता. तेव्हा लाडवाच्या बदल्यात थकलेल्या मजुरीची मागणी कोणी विसरावयास सांगितले, तर लाडू खावा आणि मागणीही करावी.

तुमच्यापैकी अनेकजण बँकेत, सोसायटीत, शाळेत, कारखान्यात आहात. पुढच्या सणाची बैठक भरेल तेव्हा आचाऱ्याच्या आधी एक प्रश्न विचारा: त्या दिवशी आपल्या आवारात कामावर कोण असेल? त्याचे पान आधी मांडा. मग पदार्थ दोन कमी झाले तरी पंगत उणी पडणार नाही.