गोंगाटाचे जाणकार : पब्लिक एनिमी आणि त्याचा श्रोतृवर्ग

राजकीय भूमिका घेणाऱ्या कलावंताचा चाहता म्हटला की साधारणपणे दोन प्रतिमा डोळ्यांसमोर येतात : घोषणेमागे निमूट जाणारा अनुयायी, आणि शब्दांशी देणेघेणे नसलेला, केवळ तालावर डोलणारा हौशी. अमेरिकेतील पब्लिक एनिमी या हिप-हॉप समूहाचा श्रोतृवर्ग या दोन्ही चौकटींत बसत नाही, आणि त्याचे कारण समूहाच्या विचारसरणीत जितके आहे त्याहून अधिक त्याच्या ध्वनिरचनेत आहे, असे प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन आहे. १९८७ ते १९९१ या काळात या समूहाचे जे चार संग्रह निघाले, ते स्वस्थ बसून ऐकता येत नाहीत. ते श्रोत्याला शोधायला, वाचायला आणि वाद घालायला लावतात, आणि अंगी मुरलेली ही सवय पुढे समूहाचे दोष उघड झाले तेव्हा खुद्द समूहाच्या झाडाझडतीसाठी कामी आली.

हिप-हॉप ही न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९७०च्या दशकात रस्त्यांवरच्या आणि वस्तीतल्या मेळाव्यांतून घडलेली कला. तबकड्या फिरवून त्यांतील तालाचे तुकडे जोडणारा तो डीजे, आणि त्या तालावर यमकांची साखळी गुंफत बोलण्याच्या चढउताराने मजकूर म्हणणारा तो एमसी किंवा रॅपर, अशी तिची मूळ मांडणी होती. पब्लिक एनिमी मात्र ब्राँक्समधला नव्हे; तो लाँग आयलंडच्या उपनगरांतला, म्हणजे जिथे कृष्णवर्णीय मध्यमवर्गीय कुटुंबे घरे घेऊन स्थायिक झाली होती त्या रूझवेल्टसारख्या वसाहतींतला. समूहाचा प्रमुख चक डी, मूळ नाव कार्लटन रायडनआवर, हा १९६० साली जन्मलेला तरुण अडेल्फी विद्यापीठात ग्राफिक डिझाइन शिकत होता, आणि डब्ल्यूबीएयू या तिथल्या विद्यार्थी-रेडिओ केंद्रावर हँक शॉकली, बिल स्टेफनी आदी मित्रांबरोबर कार्यक्रम करत होता. डेफ जॅम या ध्वनिमुद्रण कंपनीचा रिक रूबिन त्याच्या मागे लागला होता, तरी करार करायला तो बराच काळ तयार नव्हता. रॅपर होण्याचे आपले वय उलटून गेले, असे त्याला वाटत असे. हे थोराड वय समूहाच्या पथ्यावरच पडले. १९६०च्या दशकातील नागरी हक्कांची चळवळ, माल्कम एक्स यांची हत्या आणि ब्लॅक पँथर पक्ष यांच्या आठवणी ज्याच्या बालपणात होत्या, असा माणूस त्या आठवणी नसलेल्या पोरांशी बोलू लागला.

समूहातील भूमिकांची वाटणीही विचारपूर्वक केलेली होती. चक डीचा भारदस्त, प्रवचनकाराचा आवाज, आणि त्याच्याभोवती गळ्यात भले मोठे घड्याळ अडकवून चित्कारणारा, खोड्या काढणारा फ्लेवर फ्लेव्ह, ही जोडी मराठी श्रोत्याला तमाशातील शाहीर आणि सोंगाड्या यांची आठवण करून देईल. सोंगाड्या नसता तर शाहिराचे बोल जड झाले असते. तबकड्यांमागे अबोल टर्मिनेटर एक्स, आणि रंगमंचाच्या कडेला प्रोफेसर ग्रिफच्या नेतृत्वाखाली लष्करी गणवेशात, हातात प्लास्टिकच्या बंदुका घेऊन कवायत करणारे ‘एस वन डब्ल्यू’ हे पथक असे. बंदुकीच्या नेमरेषेत सापडलेली माणसाची काळी आकृती हे समूहाचे बोधचिन्ह चक डीने स्वतः रेखाटले होते. ती आकृती पोलिसाची आहे, असा अनेकांचा समज झाला. प्रत्यक्षात ती कृष्णवर्णीय तरुणाची होती, आणि नेम कोण धरतो आहे हा प्रश्न पाहणाऱ्यावर सोडलेला होता.

खरी क्रांती मात्र ध्वनीत होती. ‘सॅम्पलिंग’ म्हणजे जुन्या ध्वनिमुद्रणातील एखादा तुकडा यंत्राने उचलून नव्या रचनेत बसवणे. हे तंत्र तेव्हा सर्रास वापरले जात होते, पण एका गाण्याखाली एक तुकडा पुनःपुन्हा वाजवणे इतपतच त्याचा उपयोग बहुतेक ठिकाणी होई. हँक शॉकली, त्याचा भाऊ कीथ, एरिक सॅडलर आणि चक डी यांच्या ‘बॉम्ब स्क्वॉड’ या निर्मितीसंघाने एका गाण्यात अनेक तुकडे एकावर एक रचले, एकमेकांशी भांडणारे सूर मुद्दाम शेजारी ठेवले, आणि ज्याला संगीतकार चूक म्हणेल ते शिस्तीने केले. १९८७च्या ‘रेबेल विदाउट अ पॉज’ या गाण्यात जेम्स ब्राउनच्या वादकसंचाच्या १९७०मधील ‘द ग्रंट’ या रचनेतील सॅक्सोफोनची एक किंकाळी उचललेली आहे. मूळ रचनेत ती क्षणभर येते आणि वादन पुढे सरकते. इथे तीच किंकाळी पुन्हा, आणि पुन्हा, जवळजवळ संपूर्ण गाणेभर ऐकू येते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ती असह्य वाटते, मग तिच्याखालचा ढोल सापडतो, आणि काही वेळाने कानाला कळते की वैताग आणणे हाच या ध्वनीचा हेतू आहे, कारण ज्या वस्त्यांविषयी शब्द बोलत आहेत तिथे धोक्याचा भोंगा कधी थांबत नाही. गाण्याचा आशय शब्दांआधी कानाच्या पडद्यावर पोहोचवण्याचे हे सामर्थ्य फार थोड्या राजकीय गीतांत आढळते.

याच रचनापद्धतीतून श्रोत्याचा अभ्यास सुरू झाला. ‘ब्रिंग द नॉइज’च्या आरंभी जो आवाज येतो तो माल्कम एक्स यांच्या भाषणातला, हे कळल्यावर ते भाषण कुठले, कधीचे, कोणापुढे केलेले, याचा शोध घेणे ओघाने आले, ज्या ढोलावर अनेक गाणी उभी आहेत तो जेम्स ब्राउनच्या ‘फंकी ड्रमर’मधील, वाजवणारा क्लाइड स्टबलफील्ड, आणि त्या काही क्षणांच्या वादनावर शेकडो गाणी उभी राहूनही त्याला मानधन म्हणून फारसे काही मिळाले नाही, हेही याच शोधात हाती लागले. तबकड्यांच्या जुन्या दुकानांत खोकी उपसणारे आणि ग्रंथालयात माल्कम एक्स यांचे आत्मचरित्र मागणारे श्रोते अशा रीतीने एकच झाले. गाणे हे संदर्भसूची बनले, आणि ती सूची छापलेली नसल्यामुळे प्रत्येकाने ती स्वतः तयार केली.

१९८८चा ‘इट टेक्स अ नेशन ऑफ मिलियन्स टू होल्ड अस बॅक’ हा संग्रह या दृष्टीने पाहण्याजोगा आहे, कारण त्यात श्रोते प्रत्यक्ष ऐकू येतात. नोव्हेंबर १९८७मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियन सभागृहात झालेल्या कार्यक्रमातील गर्दीचा कल्लोळ संग्रहाच्या आरंभी आणि मधल्या जागांत योजला आहे. अमेरिकन कृष्णवर्णीयांविषयीच्या संग्रहाची सुरुवात इंग्लंडमधील तरुणांच्या आरोळ्यांनी व्हावी, यात समूहाची व्यवहारदृष्टीही होती आणि जाणीवही. घरच्या रेडिओ केंद्रांनी जे वाजवायला टाळाटाळ केली त्याला परक्या देशात कान मिळाले होते. त्या वर्षअखेरीस अमेरिकेतील ‘व्हिलेज व्हॉइस’च्या समीक्षक-मतचाचणीत आणि इंग्लंडच्या ‘एनएमई’ साप्ताहिकाच्या निवडीत हा संग्रह पहिला आला. याच संग्रहातील ‘ब्लॅक स्टील इन द अवर ऑफ केऑस’ हे सैन्यभरतीचे पत्र नाकारून तुरुंगात गेलेल्या माणसाचे कथागीत ब्रिस्टलच्या ट्रिकी या कलावंताने १९९५मध्ये नव्याने बसवले आणि ते मार्टिना टॉपली-बर्ड या गायिकेच्या तोंडी दिले. पुरुषी तुरुंगकथा स्त्रीच्या अलिप्त स्वरात ऐकताना तिचा एक निराळाच अर्थ उमलतो. चाहत्याने दिलेली इतकी सर्जनशील दाद क्वचितच आढळते.

चाहत्यांची खरी कसोटी १९८९मध्ये लागली. त्या वर्षी ‘वॉशिंग्टन टाइम्स’ला दिलेल्या मुलाखतीत प्रोफेसर ग्रिफने ज्यूंविषयी उघड द्वेषाची विधाने केली, जगातील बहुतेक दुष्टपणाचे खापर त्यांच्या माथी फोडले. समूहाने आधी त्याला काढले, मग समूहच विसर्जित झाल्याचे जाहीर झाले, मग पुन्हा एकत्र आल्याचे. या धरसोडीने कोणाचेच समाधान झाले नाही, आणि पाठोपाठ आलेल्या ‘वेलकम टू द टेररडोम’ या गाण्यातील काही ओळींनी जखमेवर मीठ चोळले. पुढे १९९८मध्ये ग्रिफ समूहात परतला. इथे सोयीचे उत्तर नाही. गोऱ्या समाजाच्या पूर्वग्रहांचा हिशेब मागणाऱ्याने दुसऱ्या छळलेल्या समाजाविषयी तोच पूर्वग्रह बाळगावा, हा अपराध संगीताच्या थोरवीने धुऊन निघत नाही. मात्र हेही नोंदवले पाहिजे की या प्रकरणी समूहाला सर्वांत टोकदार प्रश्न विचारणाऱ्यांत त्याचे संगीत मनापासून मानणारे समीक्षक आणि श्रोते होते, आणि पुरावा तपासण्याची, उक्तीचा उगम शोधण्याची जी शिस्त त्यांनी या गाण्यांतून घेतली होती, तीच त्यांनी इथे लावली.

स्त्रियांच्या बाबतीतही हेच झाले. १९८८च्याच संग्रहातील ‘शी वॉच चॅनल झीरो?!’ या गाण्यात दूरचित्रवाणीच्या मालिकांत रमलेल्या स्त्रीला दूषण दिले आहे. त्याखालचा स्लेअर या हेवी मेटल वाद्यवृंदाचा गिटारचा तुकडा कितीही जबर असला तरी समाजाच्या अधोगतीचा दोष घरातल्या बाईवर ढकलण्याची ही रीत जुनी आणि आळशी आहे, आणि अनेक श्रोत्यांनी तसे स्पष्ट म्हटले आहे. एल्विस प्रेस्लीवरील टीकेचे प्रकरण वेगळे. ‘फाइट द पॉवर’मधील ते कडवे अनेकांना निव्वळ शिवीगाळ वाटले, परंतु चक डीने पुढे खुलासा केला की त्याचा आक्षेप गायक एल्विसवर नसून ज्या कृष्णवर्णीय पूर्वसूरींकडून ते संगीत आले त्यांना पुसून एकट्याच्याच डोक्यावर मुकुट ठेवण्यावर होता, हा खुलासा पटण्याजोगा आहे.

डिसेंबर १९९१मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने बिझ मार्की या रॅपरविरुद्ध, गिल्बर्ट ओ’सलिव्हनच्या गाण्याचा तुकडा परवानगीविना वापरल्याबद्दल, निकाल दिला. त्यानंतर प्रत्येक तुकड्यासाठी हक्कधारकाची परवानगी आणि मोबदला आवश्यक होऊ लागला, आणि एका गाण्यात डझनावारी तुकडे रचण्याची बॉम्ब स्क्वॉडची पद्धत आर्थिकदृष्ट्या अशक्य झाली. त्यामुळे ते आरंभीचे संग्रह आता केवळ लोकप्रिय नव्हे तर पुन्हा बनवता न येणारे ठरले आहेत. ‘फिअर ऑफ अ ब्लॅक प्लॅनेट’ या १९९०च्या संग्रहाची लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत निवड झाली, यामागे हेही एक कारण मानता येईल.

महाराष्ट्राशी या विषयाचा दुवा थेट नाही, पण उगम मात्र सामाईक आहे. ज्या ब्लॅक पँथर पक्षाच्या बेरेट टोप्या आणि कवायत एस वन डब्ल्यू पथकाने उचलली, त्याच पक्षापासून प्रेरणा घेऊन १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आदींनी दलित पँथर उभी केली होती, म्हणजे पब्लिक एनिमीच्या पहिल्या संग्रहाच्या पंधरा वर्षे आधी. आंबेडकरी जलशांच्या परंपरेत वाढलेल्या मराठी श्रोत्याला सभा आणि गाणे यांची सरमिसळ नवी वाटणार नाही. त्याला नवे वाटेल ते यंत्राने केलेले स्मृतींचे संकलन.

शेवटी ‘फाइट द पॉवर’कडे पुन्हा वळावे लागते, कारण श्रोता आणि गाणे यांच्या नात्याचे सर्वांत स्पष्ट चित्र त्या गाण्याच्या वापरातच आहे. स्पाइक ली यांच्या १९८९च्या ‘डू द राइट थिंग’ या चित्रपटात ब्रुकलिनच्या उकाड्यात रेडिओ रहीम नावाचा धिप्पाड तरुण भला थोरला कॅसेटप्लेअर घेऊन हिंडतो आणि त्यावर हे एकच गाणे वाजवतो. पिझ्झाच्या दुकानात आवाज कमी करायला तो नकार देतो, मालक त्याचे यंत्र बॅटने फोडतो, मारामारी रस्त्यावर येते, आणि पोलिसांनी गळ्याभोवती आवळलेल्या दांडक्याखाली रहीमचा जीव जातो. चित्रपटातील हा समूहाचा सर्वांत निष्ठावान चाहता फारसे काही बोलत नाही; गाणे हेच त्याचे बोलणे असते. मे २०२०मध्ये मिनियापोलिस येथे जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसाच्या गुडघ्याखाली मृत्यू झाला, तेव्हा रहीमच्या मृत्यूची आठवण अनेकांना झाली, आणि जूनमधील बीईटी पुरस्कार सोहळ्यासाठी समूहाने हे गाणे नव्याने सादर केले. त्यात नाझ, ब्लॅक थॉट, जाही आणि वायजी हे रॅपर होते, आणि त्यांच्या बरोबरीने रॅप्सडी ही उत्तर कॅरोलायनाची रॅपर होती. १९८८च्या संग्रहात ज्या स्त्रीला फक्त दूरचित्रवाणीसमोर बसवले गेले होते, तिच्या वाट्याला या वेळी स्वतःचे कडवे आले.