जमीन, पासपोर्ट आणि आपण

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



चवथीच्या दिवसांत आपल्या गोव्यात चार माणसं जमली की दोन विषय हमखास निघतात. पहिला, यंदा माटोळीला काय काय मिळालं. आणि दुसरा, गावातलं कुणाचं घर किंवा भाट विकलं गेलं. दुसरा विषय निघाला की शेवटचं वाक्य ठरलेलं असतं, "गोवा परक्यांच्या हातात गेला हो!" आज या वाक्याकडे जरा नीट बघू या. परका म्हणजे कोण? त्याला आपल्या देशात जमीन घेता येते का? येत नसेल तर त्याने ती घेतली कशी? आणि सरकारने काय करायचं, आपण काय करायचं? एवढेच प्रश्न आज आम्ही आपल्यासमोर ठेवणार आहोत.

आधी कायदा बघू. परदेशी माणसाच्या जमीनखरेदीवर आपल्याकडे १९९९ चा परकीय चलन व्यवस्थापन कायदा, म्हणजे 'फेमा', लागू होतो. मूळचा भारतीय नसलेला आणि भारताबाहेर राहणारा परदेशी नागरिक इथे घर-जमीन विकत घेऊ शकत नाही. त्याला फार तर पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा करता येतो. नोकरी-धंद्यासाठी किंवा बेमुदत राहण्याच्या इराद्याने आलेला आणि आधीच्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांहून जास्त इथे राहिलेला परदेशी मात्र कायद्याने 'निवासी' ठरतो आणि त्याला घर घेता येतं. पाकिस्तान, चीन, बांगलादेश अशा काही देशांच्या नागरिकांना त्यासाठीही रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते.

गडबड झाली ती त्या १८२ दिवसांत. मोरजी, हरमल या किनारी गावांत पर्यटक व्हिसावर आलेल्या लोकांनी आणि त्यांच्या इथल्या दलालांनी फक्त दिवस मोजले. सहा महिने झाले, आता आम्ही निवासी, असं म्हणून सेल डीड झाली. पण पर्यटक हा फिरायला आलेला असतो. तो किती दिवस राहिला यावरून त्याचा हेतू बदलत नाही. अखेर फेब्रुवारी २००९ मध्ये केंद्र सरकारला जाहीर खुलासा करावा लागला की पर्यटक व्हिसावर १८२ दिवसांपेक्षा जास्त राहिलं तरी मालमत्ता घेता येणार नाही, आणि नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी व्हिसाचा प्रकार तपासावा. कायदा १९९९ चा आणि हा खुलासा २००९ चा. मधल्या दहा वर्षांत उपनिबंधकाच्या टेबलावर पासपोर्ट आणि व्हिसा कुणी बारकाईने बघत नव्हतं, असाच याचा अर्थ.

दुसरी वाट कंपनीची. भारतात कंपनी नोंदवायची, धंद्यासाठी म्हणून जागा घ्यायची आणि प्रत्यक्षात तिथे बंगला बांधून राहायचं. तिसरी वाट सर्वांत सोपी, उसन्या नावाची. पैसे त्याचे, सही आपल्यातल्या कुणाची तरी. बेनामी व्यवहारांचा कायदा १९८८ पासून आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर त्यात एक ते सात वर्षांची सक्तमजुरी आणि मालमत्तेच्या बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड आहे. तरीही नाव उसनं देणारे मिळतात. तेव्हा या तिन्ही वाटांवर परदेशी माणूस एकटा चालू शकत नाही. प्रत्येक वाटेवर त्याचा हात धरणारा एक गावकरी असतो, हे आपण आधी मान्य केलेलं बरं.

आणि मंडळी, उसन्या नावाची ही युक्ती आपल्या देशबांधवांनी परदेशात वापरलेली आहे. १९१३ मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने कायदा केला की ज्यांना अमेरिकेचं नागरिकत्व मिळूच शकत नाही, अशा परदेशी लोकांनी शेतजमीन घ्यायची नाही. रोख मुख्यतः जपानी शेतकऱ्यांवर होता. १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात निकाल दिला की भारतीय माणूस 'गोरा' नाही, म्हणून त्याला नागरिकत्व मिळणार नाही. झालं, तिथे घाम गाळणारे पंजाबी शेतकरीही त्या जमीनबंदीत सापडले. मग त्यांनी काय केलं? कुणी विश्वासातल्या गोऱ्या माणसाच्या नावावर जमीन ठेवली, कुणी तिथेच जन्मलेल्या आपल्या मुलांच्या नावावर. भारतीयांना अमेरिकेचं नागरिकत्व मिळण्याची वाट १९४६ साली मोकळी झाली. तोवर कितीतरी शेतं दुसऱ्याच्या नावावर कसली गेली.

हे सांगण्याचं कारण, जमिनीच्या कायद्यात परकं कोण हे ठरवताना तो कायदा माणसाचा कागद बघतो की त्याचा चेहरा, यावर फार अवलंबून असतं. व्हिसाचा प्रकार बघणारा आपला २००९ चा खुलासा न्यायाचा आहे. कातडीचा रंग बघणारा तो १९२३ चा निकाल अन्यायाचा होता. दोन्हीकडे बंदीच होती, पण तिच्या मागचा निकष वेगळा होता.

आज जगभर हा विषय पुन्हा वर आला आहे. न्यूझीलंडने २०१८ मध्ये बहुतेक परदेशी लोकांना तयार घरं विकणं बंद केलं. कॅनडाने नागरिक किंवा कायम रहिवासी नसलेल्यांच्या घरखरेदीवर १ जानेवारी २०२३ पासून बंदी घातली, काही अपवाद ठेवले, आणि मुदत १ जानेवारी २०२७ पर्यंत वाढवली. ऑस्ट्रेलियाने १ एप्रिल २०२५ पासून दोन वर्षांसाठी परदेशी लोकांना जुनी घरं घ्यायला मनाई केली. कारण सगळीकडे एकच सांगितलं गेलं, आमच्या तरुणांना घर परवडत नाही. आपली तक्रार तरी वेगळी काय आहे? फरक एवढाच की तिथे ज्यांना दार लावलं जातं, त्यांत आपली मुलं आहेत. या सभागृहातल्या किती घरांतला मुलगा किंवा सून टोरांटो, मेलबर्नकडे आहे, हे हात वर करायला सांगितल्याशिवायही आपल्याला ठाऊक आहे.

आणि केवळ घराचाच प्रश्न नाही. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेच्या लष्करी विमानातून १०४ भारतीयांना अमृतसरला परत पाठवण्यात आलं, हातात बेड्या घालून. कागदपत्रांशिवाय दुसऱ्या देशात राहणं चूकच. त्यांना परत पाठवण्याचा त्या देशाला अधिकार आहे, हे आपल्या सरकारनेही नाकारलं नाही. पण त्या बेड्या पाहून आपल्या पोटात कालवलं. मग आपल्या किनाऱ्यावर व्हिसा संपलेला कुणी सापडला, तर त्याला परत पाठवताना आपण कसे वागू, याची मोजपट्टीही आपल्याला त्याच दिवशी मिळाली, असं आम्ही समजतो. कायदा पूर्ण लावायचा, माणुसकी न सोडता.

आपला कायदाही आता बदलला आहे. १९२०, १९३९ आणि १९४६ चे इंग्रजांच्या काळातले कायदे आणि २००० सालचा आणखी एक, असे चार कायदे रद्द करून केंद्राने 'आप्रवास आणि विदेशी नागरिक अधिनियम, २०२५' आणला. तो १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. परदेशी पाहुणा ठेवला की त्याची माहिती सरकारला कळवण्याची घरमालकाची जबाबदारी जुन्या 'सी फॉर्म'पासून चालत आलेली आहे आणि ती नव्या कायद्यातही आहे. सीझनमध्ये मागची खोली भाड्याने देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. 'पोलीस काय करतात' असं विचारण्याआधी आपला फॉर्म भरला का, हे बघावं.

आता जरा अवघड भाग. 'परका' हा शब्द आपल्या तोंडात आला की तो परदेशी माणसापाशी थांबत नाही. दिल्लीवाला, कर्नाटकातून आलेला मजूर, बांधकामावरचा बिहारी, सगळे त्या एका शब्दात जातात. 'भायले' हा शब्द आपल्यातल्या काही घरांनीही ऐकलेला आहे, चार-पाच पिढ्या इथे काढूनसुद्धा. घरात मराठी बोलतो एवढ्यावरून ऐकलेला आहे. म्हणून आपण तरी हा भेद नीट ठेवू या. संविधानाच्या कलम १९ नुसार भारताच्या नागरिकाला देशात कुठेही राहण्याचा, स्थायिक होण्याचा हक्क आहे. जमीन वाचवायची म्हणून राज्यं वाजवी निर्बंध घालू शकतात. हिमाचल प्रदेशाने १९७२ च्या कायद्यात कलम ११८ आणून बिगरशेतकऱ्याला जमीन विकण्यावर बंधन घातलं. गोव्याने २०२३ मध्ये शेतजमिनीच्या हस्तांतरावर निर्बंध आणले. हा मार्ग आहे, आणि त्यावर चर्चा जरूर व्हावी. पण तो देशातला प्रश्न आहे. व्हिसाचा आणि हद्दपारीचा कायदा त्याला लागत नाही. ते दोन एकत्र कालवले की न्याय एकालाही मिळत नाही.

आणि गंमत बघा, परदेशी नागरिक आपल्या घरातूनच तयार होतात! १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचा कायदा नागरिकत्वाची वाट देतो. अनेक गोवेकरांनी, हिंदू-ख्रिस्ती दोघांनी, ती वाट धरली. पोटासाठी धरली, त्यात नावं ठेवण्यासारखं काही नाही. पण भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. पोर्तुगीज पासपोर्ट घेतला की तो मुलगा आपल्या कायद्याने परदेशी. ओसीआय कार्ड काढलं तर त्याला घर, फ्लॅट, दुकान घेता येतं, पण शेतजमीन, बागायत किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारशाने मात्र मिळू शकतं. कार्ड नसेल तर आजोबांच्या गावात पाऊल ठेवायला त्याला व्हिसा लागतो. हे घरात बसून, आधी, शांतपणे समजून घ्यायला हवं.

कारण जमीन खरी जाते ती इथे. आपल्यापैकी कितीतरी घरांच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर अजून पणजोबांचं नाव आहे. घर चवथीला उघडतं, पाच दिवस गजबजतं आणि पुन्हा बंद होतं. वाटेकरी वीस-पंचवीस, कुणी पुण्यात, कुणी दुबईत, कुणी लिस्बनमार्गे इंग्लंडात. आपल्या नागरी कायद्यात विकताना नवरा-बायको दोघांची सही लागते, म्हणजे सह्या आणखी वाढल्या. इन्व्हेंटरी कुणी केलेली नाही. २०२२ मध्ये गोव्यात जमीन बळकावल्याच्या तक्रारींचा पूर आला, विशेष तपास पथक नेमलं गेलं, निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा आयोग बसला. लुबाडणाऱ्यांनी हेरल्या त्या अशाच जागा, ज्यांचे मालक वारले किंवा परदेशी गेले आणि जिथे विचारणारं कुणी उरलं नाही. बनावट जुने कागद तयार झाले आणि भाटं परस्पर विकली गेली. त्यासाठी परदेशी माणूस यावा लागला नाही.

म्हणून आमचं म्हणणं थोडक्यात असं. सरकारकडे आपण मागू या की उपनिबंधकाकडे दस्त आला की व्हिसाची आणि पैशाच्या स्रोताची तपासणी तिथेच व्हावी, दहा वर्षांनी नोटीस काढून नव्हे. नियम मोडणाऱ्या परदेशी माणसाइतकीच शिक्षा त्याला नाव उसनं देणाऱ्यालाही व्हावी. आणि कारवाई कागद बघून व्हावी, चेहरा बघून नको.

आपल्याकडून तीन गोष्टी. घरची इन्व्हेंटरी लावून घ्या, म्युटेशन करा. वाटेकऱ्यांत भांडण असलं तरी करा, कारण भांडणाऱ्या वाटेकऱ्यापेक्षा गप्प असलेला उतारा जास्त धोक्याचा. परदेशी पासपोर्ट घेणाऱ्या मुलाशी जमिनीचं बोलून घ्या आणि त्याचं ओसीआय वेळेत करा. आणि कुणी कितीही पैसे दिले तरी आपली सही भाड्याने देऊ नका.

यंदा घरोघरी वाटेकरी जमलेच आहेत. आरती झाल्यावर, पंगत बसण्याआधी, एकदा उताऱ्यावरची नावं सर्वांना वाचून दाखवा. वीस माणसं एका खोलीत वर्षातून एकदाच सापडतात.

गणपती बाप्पा मोरया!