एका प्रतिमेतून दहा यंत्रे

शाळेत दहा छोटे संगणक आले आणि प्रत्येकावर कार्यप्रणाली, मराठी टंक व शैक्षणिक कार्यक्रम हाताने बसवावयाचे ठरले, तर पहिल्या आणि दहाव्या यंत्रात फरक पडल्यावाचून राहत नाही. म्हणून संपूर्ण कार्यप्रणालीची एकच प्रतिमा, म्हणजे इमेज, तयार करून तिच्या नकला एसडी कार्डांवर उतरविण्याची पद्धत पडली आहे. यात श्रम वाचतात खरे. पण प्रतिमेतील एक चूकही दहा ठिकाणी जाऊन बसते. ती प्रतिमा घडते कशी, हे शिक्षकाने निदान एकदा पाहून ठेवावे.

ब्रिटनमध्ये २०१२ साली विक्रीस आलेल्या रास्पबेरी पाय या लहान संगणकाचे उदाहरण घ्यावे. त्याच्या कार्यप्रणालीची प्रतिमा पाय-जेन नावाच्या साधनाने तयार होते. हे साधन मुख्यतः शेल स्क्रिप्टांचे, म्हणजे एकाखाली एक लिहिलेल्या आज्ञांचे, असून ते कोणासही वाचावयास खुले आहे. काम टप्प्याटप्प्याने चालते. शून्याव्या टप्प्यात पाया घातला जातो, पहिल्यात यंत्र सुरू होण्यापुरती सामग्री येते, दुसऱ्यात डेस्कटॉप नसलेली आटोपशीर प्रणाली पुरी होते, बाकीचे पुढे. नको असलेल्या टप्प्याच्या फोल्डरात ‘स्किप’ नावाची रिकामी फाइल ठेवली की तो गाळला जातो.

आवडीनिवडी ‘कॉन्फिग’ या फाइलीत लिहितात. तीत काही न लिहिल्यास कळफलक ब्रिटिश व कालविभाग लंडनचा धरला जातो. आशिया-कोलकाता हा कालविभाग नमूद करावयाचा राहिला, तर शाळेचे घड्याळ हिवाळ्यात साडेपाच तास व उन्हाळ्यात साडेचार तास मागे दिसेल. मुले ही चूक शिक्षकाआधी पकडतात!

प्रत्येक टप्प्यात लागणारी कामे पुनःपुन्हा लिहू नयेत म्हणून ती ‘कॉमन’ नावाच्या फाइलीत साहाय्यक फंक्शनांच्या रूपाने ठेवली आहेत. ‘लॉग’ हे फंक्शन प्रत्येक संदेश वेळेसह पडद्यावर दाखविते व फाइलीतही नोंदविते. आज्ञा फसली की स्क्रिप्ट तेथेच थांबते, तेव्हा ही नोंद उपयोगी पडते.

‘ऑन-चरूट’ या फंक्शनाकडे मात्र अधिक लक्ष द्यावयास हवे. ते दिलेल्या आज्ञा बांधल्या जाणाऱ्या प्रणालीच्या आत चालविते. त्यासाठी बाहेरच्या संगणकाच्या काही गोष्टी, उदाहरणार्थ उपकरणांच्या नोंदी असलेले ‘डेव’ हे फोल्डर, आत जोडावी लागतात. ही जोडणी म्हणजे नक्कल नव्हे. एकाच विहिरीला दोन वाड्यांतून दारे ठेवावीत तशी ती असते. आतले दार बंद न करता जुने फोल्डर समूळ पुसले, तर पुसणारी आज्ञा त्या दारातून विहिरीपर्यंत पोहोचते आणि प्रतिमा बांधणाऱ्या संगणकाच्याच उपकरण-नोंदी नाहीशा होऊ लागतात.

हे टाळण्याचे काम ‘अनमाउंट’ करते. ते फोल्डराखालील सर्व जोडण्या शोधते, त्यांची यादी उलट क्रमाने लावून आतील जोडणी आधी सोडविते, आणि एकही उरली नाही असे दिसेपर्यंत फेरा चालू ठेवते. प्रत्येक टप्प्याच्या आरंभीच ते बोलाविले जाते. जुने फोल्डर पुसण्याची पाळी त्यानंतर येते. स्क्रिप्टात फेरफार करणाऱ्याने हा क्रम मोडू नये. अर्धवट थांबलेले काम हाताने पुसू पाहणाऱ्यास हे संरक्षण मिळत नाही. त्याने आधी ‘माउंट’ ही आज्ञा देऊन जोडण्यांची यादी डोळ्यांखालून घालावी.

तयार प्रतिमा ‘डिप्लॉय’ फोल्डरात मिळते. ती प्रथम एकाच कार्डावर उतरवून घड्याळ, कळफलक व मराठी टंक तपासावेत. उरलेल्या नऊ कार्डांचे काम त्यानंतर हाती घ्यावे.