नोकर वर गेला, जिना तसाच राहिला
(अभ्यासवर्गातलं भाषण)



साठ वर्षांपूर्वीचा इंग्रजी, काळा-पांढरा पिक्चर आपण कशाला बघायचा? नेटवर शोधला की सापडतो. पण सापडणं म्हणजे अभ्यास नव्हे.

'द सर्व्हंट', १९६३. दिग्दर्शक जोसेफ लोझी. हा अमेरिकन. डावा म्हणून तिथं काळ्या यादीत गेला नि इंग्लंडात आला. १९५४ चा तिथला पहिला पिक्चर त्याला टोपणनावानं काढावा लागला. पटकथा हॅरॉल्ड पिंटरची, हॅकनीतल्या ज्यू शिंप्याच्या पोराची.

लंडनच्या चेल्सीत टोनी नावाचा पैसेवाला घर घेतो. बॅरेट नावाचा नोकर ठेवतो. डर्क बोगार्डनं तो असा उभा केलाय की अंगावर काटा येतो. पहिल्या भेटीलाच मालक खुर्चीत झोपलेला. आणि गप्पा काय, तर ब्राझीलच्या जंगलात शहरं वसवणार, आशिया मायनरचे शेतकरी तिथं नेणार! स्वतःचं घर चालवता येत नाही, निघाला दुसऱ्यांच्या वस्त्या हलवायला.

बॅरेट 'बहीण' म्हणून व्हेराला आणतो. ती बहीण नसते. भांडं फुटतं, दोघांना हाकलतात. पण नोकराशिवाय मालक सडतो, बॅरेटला परत घेतो. शेवटी मालक जमिनीवर आणि दाराची कडी नोकराच्या हातात.

माझ्या आईनं आयुष्यभर असले जिने पुसले. मी टाळ्या वाजवल्या. म्हटलं, बरं झालं साल्याचं!

दुसऱ्यांदा आवाज बंद करून बघितला. नुसता जिना बघितला. दोघं त्यावर चेंडू खेळतात. बॅरेट खाली, वाकून वाकून चिडलेला. पुढं तो वर जातो, टोनी खाली येतो. जिना तोच. आणि व्हेरा? तिला दोघांनी वापरलं. भिंतीवरच्या फुगीर आरशात सगळेच वाकडे.

अजून एक. मूळ गोष्ट १९४८ ची, रॉबिन मॉमची. त्याचा बाप इंग्लंडचा लॉर्ड चान्सेलर होता. म्हणजे नोकराची ही भीती मालकाच्या घरातनं आलेली. म्हणून बॅरेटचे दात दिसतात, त्याचं स्वतःचं घर कुठंच दिसत नाही. ते मालकानं कधी बघितलंच नव्हतं.

दोनदा बघा, दोस्तहो. वर चढणं वेगळं, जिना पाडणं वेगळं. बॅरेट नुसता चढला.