विद्यापीठाचे नाव आणि पेढीचा उंबरठा



मराठीच्या अध्यापकाने सॉलिसिटरांविषयी बोलावे याचे आपल्याला नवल वाटेल. पण हा विषय मला आपल्याच वाचनकक्षात सापडला. तेथे अभ्यासाला बसणारा माझा एक जुना विद्यार्थी, निपाणीजवळच्या तंबाखूवाल्या शेतकऱ्याचा मुलगा, बेळगावात एलएल. बी. होऊन मुंबईस गेला. तेथे सॉलिसिटर व्हायचे तर पेढीत तीन वर्षे उमेदवारी करून बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा द्यावी लागते. ॲटर्नींचा स्वतंत्र वर्ग १९७६ च्या कायदादुरुस्तीने संपला, तरी या परीक्षेचा मान टिकून आहे. चार पेढ्या हिंडून आल्यावर तो म्हणाला, “सर, विद्यापीठाचे नाव सांगितले की समोरचे गृहस्थ अर्ज मिटून ठेवतात.”

आता हे नाव म्हणजे काय, ते पाहा. बेळगावचे राजा लखमगौडा विधी महाविद्यालय १९३९ साली निघाले, तेव्हा ते मुंबई विद्यापीठाचे होते. पुढे धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचे झाले, आणि २००९ नंतर हुबळीच्या राज्य विधी विद्यापीठाचे. महाविद्यालय गावातच राहिले; पदवीपत्रावरचा शिक्का तेवढा बदलला. सरन्यायाधीश ई. एस. वेंकटरामय्या येथे शिकून गेले, हे त्या पेढ्यांना ठाऊक नसावे. १८५५ पासूनचे मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय त्यांच्या दाराशी आहे, आणि बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यालयाचा लौकिक सर्वश्रुत आहे.

पेढीवाल्यांचीही एक बाजू आहे. ढीगभर अर्ज येतात. अनोळखी मुलाची पारख करायला सवड नसते. तेव्हा ते ओळखीचे नाव धरून चाळणी लावतात. मी त्यांना दुष्ट म्हणणार नाही. आळशी मात्र म्हणेन.

पण नाव मोठे असले की दार उघडतेच, असेही नाही. एप्रिल १९२५ मध्ये निपाणीस मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लंडनची डी. एस्‌सी. आणि ग्रेज इनची बॅरिस्टरी घेऊन त्यांनी १९२३ मध्ये मुंबईत वकिली सुरू केली होती. उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत बॅरिस्टराला काम मिळे ते सॉलिसिटराच्या हातून, आणि अस्पृश्य बॅरिस्टराकडे कज्जा द्यायला सॉलिसिटर कचरत. ज्या वर्षी निपाणीने त्यांना अध्यक्षस्थानी बसविले, त्याच वर्षीच्या जूनपासून ते बाटलीबॉय संस्थेत अर्धवेळ व्यापारी कायदा शिकवू लागले, चरितार्थासाठी. त्यांच्या पदव्यांपुढे मुंबईतले किती सॉलिसिटर उभे राहिले असते? तेव्हा पेढ्या पदवीच पाहतात, या म्हणण्यावर माझा पुरता विश्वास नाही. पेढीला आधी माणूस आपल्यातला वाटावा लागतो. विद्यापीठाचे नाव ही त्याची सभ्य खूण.

त्या मुलाचे पुढे काय झाले, ते सांगतो. एका लहानशा पेढीकडे सीमाभागातल्या जमिनीचा तारणव्यवहार आला होता. जुने दस्त मोडीत आणि मराठीत, १९५६ नंतरचे उतारे कन्नडमध्ये. पेढीत ते सलग वाचू शकणारा कोणी नव्हता. कोणा ओळखीच्या कारकुनाने याचे नाव सुचविले. मोडी तो याच ग्रंथालयाच्या माडीवर एका निवृत्त तलाठ्यांकडून शिकला होता, निव्वळ हौसेने. मी तेव्हा त्याला वेळ दवडू नकोस म्हणून रागावलो होतो. चार दिवसांत त्याने मालकीहक्काचे टिपण लिहून दिले, आणि आठवड्याने त्याला उमेदवारीचे पत्र मिळाले. कोणते विद्यापीठ, हे त्यांनी पत्र टंकलिखित करताना विचारले. रकाना भरायचा होता म्हणून.

ते तलाठी आता नाहीत. मोडीचा वर्गही बंद आहे. माडीची किल्ली ग्रंथपालांकडे असते. शताब्दीच्या निमित्ताने संचालकांनी ती पुन्हा उघडावी, अशी माझी विनंती आहे.